आप्पांचे कान आणि फियाटचं टायमिंग

आईने व्हॉट्सॲपवर बावीस सेकंदांची व्हॉइस नोट टाकली होती. "आप्पा फियाट भंगारात द्यायची म्हणत्यात. गॅरेजचं शटर आठ दिवस झालं खाली हाय. मला काय सांगत न्हाईत. तू बोल एकदा."

मी हिंजवडीत ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी होते. नोट दोनदा ऐकली. आमचे आप्पा ताप अंगावर काढून गॅरेज उघडणारे. घर बारामतीत, गॅरेज इंदापुरात, मधलं पन्नासेक किलोमीटरचं अंतर ते कित्येक वर्षं एसटीने नाहीतर फियाटने कापतात. शटर आठ दिवस खाली म्हणजे काहीतरी मोठंच झालं असणार.

संध्याकाळी फोन लावला. आधी नेहमीचं झालं, जेवलीस का, पाऊस आहे का तिकडं. मग मी विचारलं, फियाट का विकताय?

"कान गेलं गं माझं," आप्पा म्हणाले. "टायमिंग ऐकू येत न्हाय. पैलं गाडी नुसती गिअरमधी टाकली तरी कळायचं. आता डेल्को फिरवून फिरवून दमलो, आवाजच येत न्हाय. कान नसलेला मिस्त्री घिऊन काय करायचं?"

काय बोलावं ते मला सुचलं नाही. "मी शनिवारी येते," म्हणाले आणि फोन ठेवला.

*

टायमिंग म्हणजे काय, हे आधी सांगते. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी गाडीचं बॉनेट फक्त पाणी टाकायला उघडलेलं असतं.

पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलेंडरमध्ये येतं, पिस्टन वर येऊन ते दाबतो, प्लगवर ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. वाचताना वाटतं की पिस्टन अगदी वर पोचला की ठिणगी पडत असेल. तसं नसतं. मिश्रण एका क्षणात जळत नाही. जाळ प्लगपासून सुरू होऊन पसरत जातो आणि त्याला वेळ लागतो. त्याचा सगळ्यात जास्त जोर पिस्टन शेंड्यावरून नुकता खाली वळल्यावर मिळायला हवा. म्हणून ठिणगी आधीच, पिस्टन अजून वर येत असतानाच टाकावी लागते.

झोक्याचं बघा. झोका आपल्याकडे येऊन वळला की ढकलायचा असतो. येता येताच ढकलला तर हाताला दणका बसतो आणि झोकाही थांबतो. खूप उशीर केला तर हात हवेतच जातो. इंजिनाचंही तसंच असतं. फक्त इथे हात पोचायला वेळ लागतो, त्यामुळे तो आधी उचलावा लागतो.

किती आधी? समजा जळायला दोन मिलिसेकंद लागतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ७५ मिलिसेकंद लागतात. तेव्हा दोन मिलिसेकंद म्हणजे फेऱ्याचे जवळपास दहा अंश. ३००० फेऱ्यांना एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, आणि तेच दोन मिलिसेकंद ३६ अंश होतात. प्रत्यक्षात वेग वाढला की आतली खळबळ वाढते, जाळही जोरात पसरतो, त्यामुळे हिशोब इतका सरळ नसतो. पण वेग वाढला की ठिणगी आणखी आधी टाकावी लागते, हे खरं.

आजच्या गाड्यांत हे सगळं कॉम्प्युटर करतो. आमच्या १९८८ च्या प्रीमियर पद्मिनीत ते काम डिस्ट्रिब्युटर करतो. गॅरेजच्या भाषेत डेल्को. त्याच्या पोटात दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आधी पडू लागते. पण सुरुवात कुठून करायची ते माणसाने ठरवायचं. डेल्कोचा बोल्ट ढिला करायचा, डेल्को हाताने इकडे-तिकडे फिरवायचा, बोल्ट आवळायचा. एका दिशेने फिरवलं की टायमिंग पुढे, दुसऱ्या दिशेने मागे.

आप्पा आधी पॉइंट बघायचे. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि फिलर गेजने फट लावायचे. फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर. फट बदलली की टायमिंगही हलतं, म्हणून हे काम पहिलं. मग पुलीवरची खूण इंजिनावरच्या निशाणीसमोर आणायची, कॉइलच्या वायरला छोटा बल्ब लावायचा आणि डेल्को अलगद फिरवायचा. पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. तिथे बोल्ट आवळायचा. एवढं केलं की गाडी चालू होते.

खरं टायमिंग मात्र आप्पा रस्त्यावर लावायचे. टॉप गिअर, चाळीसचा स्पीड, आणि ॲक्सिलरेटर एकदम खाली. टायमिंग गरजेपेक्षा पुढे असेल तर उरलेलं मिश्रण जाळ पोचायच्या आतच स्वतःहून भडकतं आणि इंजिनातून नॉकिंगचा आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात मूठभर ज्वारी हलवावी तसा. हा आवाज क्षणभर येऊन स्पीड वाढताच विरला, की टायमिंग बरोबर. जास्त वेळ राहिला तर डेल्को केसभर मागे. आलाच नाही तर केसभर पुढे.

लहानपणी सुट्टीत मी गॅरेजला जायचे, तेव्हा गिऱ्हाइकाच्या गाडीत मला मागच्या सीटवर बसवून आप्पा ट्रायल घ्यायचे. ॲक्सिलरेटर दाबला की मान न वळवता विचारायचे, "आलं का?" मी म्हणायचे, "आलं." बरेचदा मला काहीच कळलेलं नसायचं. त्यांना माझ्या उत्तराची गरजही नसायची.

आजच्या गाड्यांच्या इंजिनावर नॉक सेन्सर असतो. तो नॉकिंग टिपतो आणि कॉम्प्युटर लगेच टायमिंग मागे घेतो. इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी गाड्यांसाठी हा सेन्सर म्हणजे आमचे आप्पा होते.

*

शनिवारी गेले ते आप्पांना सरळ बारामतीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचेच्या खोलीत हेडफोन लावून ते बसले. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. मधेच त्यांचा अंगठा थांबायचा, आणि आवाज येतोय की नाही हे ठरवत असल्यासारखे ते छताकडे बघत राहायचे.

ग्राफ हातात आला. जाड आवाजांना रेघ बरी होती. चार हजार हर्ट्झला खड्डा, आणि पुढे ती फारशी वर आलीच नव्हती. वर्षानुवर्षं हातोडा, ग्राइंडर आणि सायलेन्सर उघडलेल्या गाड्या ऐकणाऱ्यांचे कान असेच जातात, डॉक्टर म्हणाले. बारीक, टोकदार आवाज आधी जातात.

रात्री मी हिशोब मांडला. नॉकिंगच्या आवाजाची पट्टी सिलेंडरच्या रुंदीवर ठरते. सिलेंडर लहान तितका आवाज चढा. पद्मिनीचा सिलेंडर ६८ मिलिमीटरचा. म्हणजे तो आवाज सहा ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी पडणार. आप्पांचा ग्राफ बरोबर तिथेच खाली बसला होता.

मला बरं वाटलं, हे कबूल करते. वडिलांचे कान गेल्याचं नाही, कोडं सुटल्याचं. सगळं नीट जुळत होतं. मी त्यांना ग्राफ दाखवून समजावलं, की असं होतं, सगळ्यांचं होतं, यात तुमची काही चूक नाही. त्यांनी मान डोलावली. आईला म्हणाले, "बघ, लेकीनं पण सांगितलं."

त्याच रात्री मी ऑनलाइन टायमिंग लाइट मागवला. पिस्तुलासारखा दिसतो. त्याचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरला लावायचा. ठिणगी पडली की त्याच क्षणी लाइट चमकतो. फिरत्या पुलीवर तो मारला की पुली थांबल्यासारखी दिसते आणि खूण नेमकी कुठे आहे ते डोळ्यांनी वाचता येतं. ऐकायची गरजच नाही. कानांच्या जागी डोळे, असा माझा विचार होता.

*

पुढच्या शनिवारी आम्ही शटर उघडलं. पालखी नुकतीच इंदापुरातून पुढे गेली होती. रस्त्याच्या कडेला अजून कागदी पेले पडलेले होते. फियाट आत धूळ खात उभी.

ही गाडी मुळात एका डॉक्टरांची. २००७ मध्ये त्यांनी डिझेल गाडी घेतली आणि आप्पांच्या जुन्या बिलापोटी ही दिली. आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. हे मॉडेल मुळात इटलीतल्या फियाट ११०० चं, ते कुर्ल्यात बनायचं, म्हणून जुनंच नाव राहिलं. ते बंद होऊनही आता पंचवीस वर्षं होत आली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा आप्पांनी मला त्या बातमीची लिंक पाठवली होती. खाली काहीच लिहिलं नव्हतं.

मी पुलीवरची खूण खडूने पांढरी केली आणि पुलीच्या घेरावरून हिशोब करून कागदाच्या पट्टीवर अंश आखले. एक अंश म्हणजे मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं, लाइट मारला.

खूण जागेवर नव्हतीच. शोधावी लागली. पुस्तकात सांगितलेल्या जागेपासून अकरा अंश पुढे.

आप्पा शेजारी वाकून बघत होते. म्हणाले, "एवढं पुढं?" मग सरळ उभे राहिले आणि चिंधीने हात पुसत बसले. हात स्वच्छच होते.

मी डेल्को पुस्तकाच्या खुणेवर आणला. आम्ही चक्कर मारून आलो. गाडी चालत होती, पण आळसल्यासारखी. आप्पा म्हणाले, "पुस्तक नव्या इंजिनाचं हाय. हिच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात, चेन लांबलीय. पुस्तकावर लावून भागत आसतं तर मिस्त्री कशाला लागला आसता?"

बोल्ट पुन्हा ढिला करताना मला डेल्कोच्या बुडाशी रेघा दिसल्या. छिन्नीने मारलेल्या, एकीपुढे एक, चार. आप्पांची ही जुनी सवय. टायमिंग मनासारखं लागलं की डेल्को आणि इंजिन दोन्हींवर मिळून एक रेघ मारायची, म्हणजे डेल्को काढला तरी पुन्हा तिथेच बसवता येतो.

"या कधीच्या?"

पहिली गाडी घेतली तेव्हाची. दुसरी त्यानंतर चार-पाच वर्षांनी. तिसरी लॉकडाउननंतर. चौथी या वर्षीची. प्रत्येक रेघ आधीच्या पुढे. म्हणजे दर वेळी नॉकिंगचा तो आवाज ऐकायला आप्पांना टायमिंग आणखी पुढे न्यावं लागत होतं. शेवटच्या वेळी तर तो आलाच नाही. हात थांबला तिथे त्यांनी रेघ मारली.

"कान हळूहळू जात व्हतं," ते म्हणाले. "आता कळतंय."

हेही नीट जुळत होतं.

*

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "आप्पा, डेल्को तुमच्या चौथ्या रेघेवर ठेवते. तुम्ही चालवा, मी ऐकते. आवाज आला की सांगते. मग आपण मागे घेत जाऊ." त्यांच्या कानाच्या जागी माझा कान वापरायचा, एवढाच बेत होता.

बारामतीच्या दिशेने निघालो. निमगाव केतकी मागे पडलं. अंथुर्णे गेल्यावर रस्ता मोकळा मिळाला. टॉप गिअर, चाळीस, ॲक्सिलरेटर खाली. मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं होतं.

"आलं का?" आप्पांनी विचारलं. मान न वळवता.

काहीच नव्हतं. इंजिनाची घरघर, वारा, टायर. ज्वारी नाही.

जंक्शनला थांबून आम्ही डेल्को आणखी दोन अंश पुढे नेला. पुन्हा तेच. गाडीला ओढच नव्हती, पण ज्वारी वाजत नव्हती. मी फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि ॲपमध्ये त्याचा ग्राफ बघितला. सात-आठ हजारांच्या आसपास शांतता.

माझं वय २८. माझे कान शाबूत आहेत. फोनचा माइक तर माझ्याहून चांगला. आणि दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं.

मी रस्त्याच्या कडेला बोनेटला टेकून उभी राहिले. माझं काम बॅकएंडचं आहे. रात्री-अपरात्री सर्व्हर पडला की अलार्म वाजतो आणि आम्ही उठतो. अलार्म वाजायला हवा होता आणि वाजला नाही, की आम्ही दोन प्रश्न विचारतो. अलार्म बिघडलाय का? आणि ती घटना घडली होती का? ऑफिसात हे मी ट्रेनींना शिकवते. आप्पांच्या बाबतीत मी फक्त पहिला प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर इतकं सुबक मिळालं, ग्राफसकट, की दुसरा प्रश्न सुचलाच नाही.

आवाज नव्हताच. मग तो गेला कुठे?

उत्तर परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपाच्या मशीनवर लिहिलेलं होतं. ई-२०.

*

पेट्रोल दाब आणि उष्णता किती सोसतं आणि आपणहून भडकायला किती नाखूश असतं, ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळतं. आकडा मोठा तितकं नॉकिंग कमी. आप्पा शिकले तेव्हा आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा आकडा ८७ होता आणि तो गाठायला त्यात शिसं घालायचे. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसं बंद झालं. पुढे गाड्यांच्या धुराचे नियम कडक होत गेले तसं पेट्रोलही सुधारत गेलं आणि आकडा ९१ झाला. मग इथेनॉल आलं. २०२२ च्या जूनमध्ये देशभरात १० टक्क्यांचं मिश्रण झालं, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर सुरू झालं, आणि २०२५ मध्ये ते सगळीकडे पोचलं. इथेनॉल मुळातच सहजी नॉकिंग करत नाही, शिवाय बाष्प होताना मिश्रण थंड करतं. ई-२० चा ऑक्टेन आकडा ९५ ठरवलेला आहे.

आता डेल्कोवरच्या रेघा पुन्हा बघा. २००७, त्यानंतरची, लॉकडाउननंतरची, यंदाची. मला वाटत होतं तो आप्पांच्या कानांचा इतिहास आहे. बराचसा तो पेट्रोलचा इतिहास होता.

आप्पांची रीत चुकीची नव्हती. ८७ च्या पेट्रोलवर नॉकिंगची हद्द आणि सगळ्यात जास्त ओढीची जागा जवळजवळ होत्या. पहिली सापडली की दुसरी सापडली. पेट्रोल बदलत गेलं तशी नॉकिंगची हद्द पुढे सरकत गेली. ओढीची जागा मात्र होती तिथेच राहिली, कारण ती जाळ पसरायला किती वेळ लागतो त्यावर ठरते. आवाजाच्या मागे डेल्को पुढे नेता नेता आप्पा ती जागा मागे टाकून गेले होते. आमच्या बुटक्या कॉम्प्रेशनच्या इंजिनात ई-२० टाकून तो आवाज येणं जवळपास अशक्यच होतं. ते न येणाऱ्या आवाजाची वाट बघत होते, आणि येत नाही म्हणून कानाला दोष देत होते.

आणि हे इथेनॉल येतं कुठून? आमच्याच पट्ट्यातून. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, सगळीकडे कारखान्यांची धुराडी. ऊस कारखान्यात जातो आणि त्यातलाच काही भाग डिस्टिलरीतून पेट्रोलमध्ये येतो. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा आम्ही जंक्शनजवळच होतो. तिथून वालचंदनगर हाकेच्या अंतरावर. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर ऊस लावून साखर कारखाना काढला, आणि त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, जिने पुढे ही फियाट बनवली. ऊसही त्यांचा, गाडीही त्यांची. ८० वर्षांनी त्या उसाने त्या गाडीचं टायमिंग हलवलं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आवाज आला नव्हता."

"नव्हता."

"तुला पण न्हाय आला."

"मलाही नाही आला, आप्पा."

*

दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. आवाज नाही तर टायमिंग लावायचं कशावर? आप्पाच म्हणाले, "ओढीवर."

लासुर्णे आणि जंक्शनच्या मधला एक सपाट पट्टा धरला. टॉप गिअरमध्ये चाळीसवरून साठला जायला किती सेकंद लागतात ते मी मोजायचं. प्रत्येक सेटिंगला चार फेऱ्या, दोन जाताना, दोन येताना, म्हणजे वारा आणि चढ-उतार वजा व्हावेत. डेल्को मी फिरवायचा. कुठे ठेवला ते आप्पांना सांगायचं नाही. त्यांनी फक्त चालवायचं आणि कशी वाटली ते सांगायचं.

पुस्तकापुढे अकरा अंशांवर सरासरी ११.२ सेकंद आली. आठवर १०.८. पाचवर १०.४. दोनवर १०.५. पुस्तकाच्या खुणेवर १०.९. फरक अर्ध्या-पाऊण सेकंदाचे, आणि माझ्या अंगठ्याची चूकही त्यात असणारच. म्हणून या आकड्यांवर मी फार उड्या मारणार नाही. पण आप्पांना आकडे माहीत नव्हते. पाच अंशांची दुसरी फेरी झाली आणि ते म्हणाले, "हितं ठिव. ही बसली."

"कशावरनं?"

"सीट पाठीला लागतीय. आन स्टिअरिंग हातात मऊ आलंय."

मी स्टॉपवॉच दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मग एवढ्या वेळा कशाला पळवली?"

बाकीची कामंही केली. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं. आप्पांनी जेट एका मापाने मोठा टाकला. पेट्रोलचे जुने रबरी पाइप फुगले होते, ते बदलले. टाकीतला वर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये आला होता. गाडी आता गरम असतानाही एका सेल्फला उचलते.

या शेवटच्या गोष्टीबद्दल मला लिहायचंय. फेब्रुवारीत आप्पांचा फोन आला होता. "गाडी गरम झाली की सेल्फ मारताना उलटा दणका देतीय. कशानं आसंल?" मी इंजिनिअर झाल्यापासून ते असं अधूनमधून विचारतात. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, याने त्यांना फरक पडत नाही. मी तेव्हा डेडलाइनमध्ये होते. म्हणाले, "आप्पा, पस्तीस वर्षांची गाडी आहे. वय झालं आता तिचं." ते म्हणाले, "हां, तेबी हायच." आणि फोन ठेवला.

उलटा दणका हे टायमिंग फार पुढे असल्याचं ठळक लक्षण आहे. पिस्टन वर पोचायच्या आत जाळ त्याला मागे ढकलतो. दोन मिनिटं विचार केला असता तर मला कळलं असतं. मी वयावर टाकून मोकळी झाले. जूनमध्ये आप्पांनी तेच वय स्वतःवर घेतलं आणि शटर खाली ओढलं. मी त्यांना ते माझ्या शब्दांत म्हणताना ऐकलं नाही, पण शब्द माझे होते.

*

आप्पांचे कान खरंच कमी झालेत. ते या सगळ्याने बदललं नाही. ग्राफ ग्राफच आहे. मशीन घेतलंय. टीव्ही बघताना लावतात, गॅरेजमध्ये खिशात ठेवतात. ग्राइंडरचा आवाज डोक्यात जातो म्हणतात. व्हॉल्व्हची टिकटिक, बेअरिंगची शीळ त्यांना आता नीट लागत नाही. त्यासाठी ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. ही युक्ती त्यांच्या वस्तादाची. तेव्हा ती नेमकी जागा हुडकायला वापरायचे, आता ऐकायलाच लागते.

शटर उघडलंय, पण आता फक्त सकाळी. बाकी वेळ शेजारच्या गल्लीतला आयटीआय केलेला पोरगा येतो. टायमिंग लाइट त्याच्याकडे आहे.

डेल्कोवर पाचवी रेघ मारली. ती चौथीच्या मागे आहे. आप्पांच्या हातची मागे आलेली ही पहिलीच. मारायच्या आधी त्यांनी छिन्नी माझ्या हातात दिली होती. मी म्हणाले, तुम्हीच मारा.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा संध्याकाळी फियाटने भिगवणकडे चक्कर मारली. येताना डाव्या बाजूने बारीक आवाज यायला लागला, चाकाबरोबर वाढणारा. आप्पांना तो येत नव्हता. मी सांगितलं.

"कसा हाय? सांग."

मला शब्द सापडेना. "शीळ नाही... म्हणजे... चिरचिर."

"ओली का सुकी?"

मी काच खाली केली आणि पुन्हा ऐकायला लागले.